कोपियापोआ: अटाकामाच्या निवडुंगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोपियापोआचा फोटो पाहिला की लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. हे खरंच जिवंत आहे का? आणि कुठे मिळेल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्या प्रश्नामुळे हा निवडुंग संकटात आला आहे. गेली काही वर्षं मला येत असलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला ओळखीचे आहेत, पुढे कायद्याचे आणि अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न लिहिता तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. कोपियापोआ म्हणजे नेमकं काय?

ही निवडुंगांची एक प्रजाती आहे, म्हणजे एकमेकींच्या जवळच्या जातींचा गट. ब्रिटन आणि रोझ या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९२२ साली तिला हे नाव दिलं, चिलीतल्या कोपियापो शहरावरून. जाती किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. साधारण तीस धरल्या तर फारसं चुकणार नाही. या सगळ्या फक्त चिलीत उगवतात. तिथेही देशभर नाही, तर अटाकामा वाळवंटाची समुद्राला लागून असलेली चिंचोळी पट्टी आणि तिच्या आसपासचा भाग एवढंच त्यांचं घर. उत्तरेला तोकोपिया, दक्षिणेला कोकिम्बो, यांच्या मधलं. काही जाती तर एखाद्या दरीतच सापडतात, तिच्या बाहेर कुठेच नाही.

दिसायला त्या एकसारख्या नाहीत. कोपियापोआ सिनेरियाचं अंग राखेसारखं पांढुरकं आणि काटे काळे. कोपियापोआ डीलबाटाचे बसके ढिगारे होतात आणि एकेका ढिगाऱ्यात शेकडो डोकी असतात. कोपियापोआ लाउई मात्र इतका लहान की वाळूत बसलेला असला तर पाय पडेपर्यंत दिसत नाही. फुलं बहुतेकांची पिवळी, शेंड्यावरच्या लोकरीतून वर येणारी.

२. पाऊस जवळजवळ नसताना हे जगतं कसं?

धुक्यावर. चिलीच्या किनाऱ्याने हम्बोल्ट प्रवाहाचं थंड पाणी वाहतं. त्यावरची हवा गार होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि ढग वर चढू शकत नाहीत. ते किनाऱ्यालगतच्या डोंगरांना येऊन टेकतात. या धुक्याला तिथे कामांचाका म्हणतात. पूर्वेकडून येणारा पाऊस अँडीज पर्वत अडवतो, त्यामुळे कित्येक ठिकाणी वर्षाला काही मिलिमीटर पाऊस पडला तरी पुष्कळ. धुकं काट्यांवर आणि दगडांवर थेंबाथेंबाने जमतं, खाली ओघळतं, मातीचा वरचा थर ओलसर करतं. कोपियापोआची बारीक मुळं त्याच थरात पसरलेली असतात.

दुसरी सोय अंगातच आहे. इतर निवडुंगांप्रमाणे हाही रात्री श्वासरंध्रं उघडतो, कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतो आणि दिवसा रंध्रं बंद करून त्याचं अन्न बनवतो. उन्हात पाणी उडून जात नाही. शिवाय सिनेरियासारख्या जातींच्या अंगावर मेणाचा जाड थर असतो. त्यानेच तो राखाडी रंग येतो. हा थर पुढे प्रश्न १० मध्ये फार कामाचा ठरणार आहे.

३. सगळे निवडुंग एकाच दिशेला झुकलेले का दिसतात?

फोटोची करामत नाही ती. सिनेरियाच्या स्तंभासारख्या वाढणाऱ्या प्रकारात, ज्याला कोलुम्ना-आल्बा म्हणतात, शेकडो रोपं उत्तरेकडे कललेली असतात. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेला असतो. शेंडा सूर्याकडे वळला की वाढीचा कोंब आणि फुलं उबेला राहतात, आणि अंगाच्या बाजूंवर सरळ ऊन कमी पडतं. धुक्याच्या गार प्रदेशात शेंड्याला ऊब हवीच असते. पान दे आसुकार राष्ट्रीय उद्यानातल्या उतारावर हे दृश्य म्हणजे एखादा मोठा जमाव मान वर करून काहीतरी ऐकत उभा आहे असं वाटावं.

४. हे किती सावकाश वाढतं? शंभर वर्षं जुनं रोप असतं हे खरं?

खरं आहे. रानात मोठ्या रोपांची वाढ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर, बऱ्याचदा त्याहूनही कमी. गुडघाभर उंचीचा किंवा पसरलेला मोठा निवडुंग सहज शतकभराचा असू शकतो.

माझ्याकडे सिनेरियाची बियांपासून केलेली रोपं आहेत. पहिलं वर्ष संपलं तेव्हा ती ज्वारीच्या दाण्याएवढी होती. दुसऱ्या वर्षी हरभऱ्याएवढी. सहाव्या वर्षी सुपारीएवढी झाली. तीही नियमित पाणी, खत आणि सावली मिळून. फूल अजून एकानेही दिलेलं नाही. वाळवंटात पाण्याचा भरवसा नाही आणि बी रुजण्याइतका ओलावा असलेली वर्षंच मोजकी. म्हणून तिथलं एक मोठं रोप कोणी उपटून नेलं की त्याची जागा भरायला किती काळ लागेल, हे या सुपारीकडे पाहून मला पक्कं कळतं.

५. धोका किती मोठा आहे?

जागतिक निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, २०१३ साली घेतलेल्या आढाव्यात कोपियापोआच्या ५५ टक्के जाती धोक्यात होत्या. २०२४ च्या लाल यादीत, म्हणजे याच संघाच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत, हा आकडा ८२ टक्क्यांवर गेला. अकरा वर्षांत. शतकभर जगणाऱ्या वनस्पतीच्या हिशेबात अकरा वर्षं म्हणजे काहीच नाही.

तुलनेसाठी सांगतो. २०१५ साली निवडुंगांच्या १,४७८ जातींचा जागतिक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात धोक्यात असलेल्या जाती ३१ टक्के निघाल्या. तेव्हा तोच आकडा धक्कादायक वाटला होता.

६. धोके नेमके कोणते?

सर्वांत ठळक धोका चोरीचा. शौकिनांसाठी मोठी, वयस्क, देखणी रोपं उपटून परदेशी पाठवली जातात. यात दुहेरी नुकसान आहे. वयस्क रोपंच बी देतात, आणि बहुतेक कोपियापोआंना बी धरायला दुसऱ्या रोपाचा पराग लागतो. एका उतारावरची दहा मोठी रोपं गेली की उरलेली एकमेकांपासून लांब पडतात. मधमाश्या एवढं अंतर तोडून येतीलच असं नाही. रोपं उभी दिसतात, फुलतातही, पण बी कमी होत जातं.

दुसरा धोका रस्ते, घरबांधणी आणि खाणी. उत्तर चिली हा तांब्याचा मुलूख आहे आणि किनारपट्टीवर वस्तीही वाढते आहे. नुसती रोपं गाडली जातात एवढंच नाही. जिथे आधी दिवसभर चालत जावं लागे तिथे नवा रस्ता झाला की गाडी पोचते, आणि गाडीबरोबर चोरही. त्यामुळे हे दोन धोके वेगळे मोजता येत नाहीत.

तिसरा, वाळूतून बेफाम हाकलेल्या मोटारसायकली आणि जीप. पाऊस नसल्याने चाकाची खूण वर्षानुवर्षं पुसली जात नाही, आणि लाउईसारखी जमिनीत दबलेली जात चाकाखाली आली हे चालवणाऱ्याला कळतही नाही. चरणाऱ्या जनावरांचा उपद्रव आहे, पण जागेजागेनुसार कमीजास्त.

शेवटचा धोका धुक्याचा, आणि मला सगळ्यांत जास्त भीती याची वाटते. उत्तरेकडच्या काही उतारांवर कोपियापोआ आणि त्यांच्या शेजारचे उंच युलिक्निया निवडुंग उभ्या उभ्या वाळलेले आहेत, आणि कोवळी रोपं दिसत नाहीत. धुक्याचा पट्टा थोडा वरखाली सरकला तरी एका जागी शतकभर बसलेल्या झाडाला त्याच्यामागे जाता येत नाही. चोराला पकडता येतं, रस्ता वळवता येतो. धुकं परत आणता येत नाही.

७. आत्ताच एवढी मागणी का वाढली?

निवडुंगांचे शौकीन पूर्वीही होते. युरोपात आणि जपानमध्ये कोपियापोआ कित्येक दशकांपासून वाढवतात. फरक समाजमाध्यमांनी पाडला. आययूसीएननेही २०२४ मध्ये याच कारणावर बोट ठेवलं. पांढऱ्या अंगाचा, काळ्या काट्यांचा, दगडासारखा दिसणारा निवडुंग फोटोत फार उठून दिसतो. विकणारा आणि घेणारा दोन खंडांत असले तरी निरोपानिरोपी करून सौदा पाच मिनिटांत होतो. आणि लोकांना हवा असतो तो रानात दिसतो तसाच, जुना, ओरखडे पडलेला. बियांपासून तसा करायला आयुष्य जातं.

त्यातून हा निवडुंग पाठवायला भयंकर सोपा. मुळं झाडून कागदात गुंडाळला तर मातीविना महिनोन्महिने तग धरतो. वाळवंटाने त्याला दिलेली हीच ताकद तस्करांच्या पथ्यावर पडली.

८. ‘ऑपरेशन अटाकामा’ काय होतं?

फेब्रुवारी २०२० मध्ये इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सेनिगालिया गावात पोलिसांनी एका संग्राहकाच्या घरी छापा टाकला. आत एक हजाराहून अधिक कोपियापोआ होते, शिवाय चिलीतलेच एरिओसिस निवडुंग. काळ्या बाजारातली किंमत दहा लाख डॉलरच्या वर धरली गेली. याच माणसाकडे २०१३ मध्येही चिलीतून आणलेले निवडुंग सापडले होते. ही मला या प्रकरणातली सर्वांत बोचणारी गोष्ट वाटते.

जप्त रोपं मिलानच्या वनस्पती उद्यानात ठेवली गेली. पुढे काय करायचं यावर दोन देशांच्या यंत्रणा आणि तज्ज्ञ यांची बोलणी झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये ८४४ रोपं विमानाने चिलीला परत गेली. ८४ अभ्यासासाठी मिलानलाच राहिली. शंभरहून अधिक मधल्या काळात मेली. जप्त झालेले निवडुंग इतक्या मोठ्या संख्येने मायदेशी परतणं ही फार दुर्मीळ घटना आहे. एरवी जप्त माल एखाद्या बागेत पडून राहतो किंवा नष्ट केला जातो.

९. परत गेलेली रोपं पुन्हा वाळवंटात का लावली नाहीत?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. पण अडचणी खऱ्या आहेत.

पहिली अडचण पत्त्याची. रोप कोणत्या उतारावरून उपटलं हे चोर लिहून ठेवत नाही. जात ओळखता येते, पण एकाच जातीचे दोन दऱ्यांतले गट हजारो वर्षं वेगळे वाढलेले असू शकतात. चुकीच्या दरीत लावलं तर त्या गटांची सरमिसळ होते आणि ती मागे घेता येत नाही.

दुसरी रोगाची. ही रोपं परदेशात इतर शेकडो झाडांच्या शेजारी राहिली. त्यांच्या मुळांत पिठ्या ढेकूण, मातीत बुरशी, अंगात विषाणू असू शकतात. अटाकामाच्या निवडुंगांनी त्या कधी पाहिलेल्या नसतात. एक आजारी रोप परत गेलं तर तिथल्या निरोगी रोपांचं काय, हा धोका कोणी घ्यावा? म्हणून विलगीकरण आधी, बाकी सगळं नंतर.

तिसरी, पुन्हा चोरी. ज्या जागेवरून एकदा नेलं ती जागा चोराला ठाऊकच आहे.

म्हणजे परत आणणं व्यर्थ गेलं का? मुळीच नाही. अशी रोपं बी देऊ शकतात, अभ्यासाला उपयोगी पडतात, आणि हा माल चिलीचा आहे हे दुसऱ्या देशाने मान्य केलं याला पुढच्या खटल्यांत वजन असतं. फक्त रानातून उपटलेलं रोप हे त्या रानापुरतं गेलेलंच असतं.

१०. रानातलं रोप आणि रोपवाटिकेतलं रोप कसं ओळखायचं?

जवळून बघा. रोपवाटिकेतल्या रोपाचं अंग भरलेलं, गोलाकार, सगळीकडून सारखं असतं. रंग हिरवट, काटे शेवटपर्यंत शाबूत, बुडापासून शेंड्यापर्यंत वाढ एकसारखी.

रानातलं रोप आयुष्य अंगावर घेऊन येतं. मेणाचा दाट राखाडी थर, आणि बोट लागलेलं असेल तिथे तो पुसलेला दिसतो. बुडखा खडबडीत, तपकिरी, लाकडासारखा कडक. काट्यांची टोकं झिजलेली, काही मोडलेली. वाढ कधी फुगीर कधी आवळलेली, म्हणजे चांगली वर्षं आणि कोरडी वर्षं. एका बाजूला कललेलं किंवा दगडाला टेकून चेपलेलं अंग. कधीकधी काट्यांवर दगडफुलाचे चट्टे, म्हणजे धुक्याच्या पट्ट्यातला खास पुरावा. मुळं तोडलेली असतील आणि नवी पांढरी मुळं आखूड असतील तर ते अलीकडेच उपटलेलं आहे.

विकणाऱ्याच्या वागण्यावरूनही कळतं. वय सांगतो पण बी कधी पेरलं ते सांगत नाही. एकाच मापाची शंभर रोपं दाखवण्याऐवजी प्रत्येक वेगळं, एकेक ‘नग’ म्हणून विकतो. किंमत विचारायला खाजगीत या म्हणतो. एवढं दिसलं तर मागे फिरा.

११. राखाडी दिसलं म्हणजे रानातलंच, असं समजायचं का?

नाही, इथे घाई करू नका. कडक ऊन, वरून पाणी न घालणं आणि धीर यांच्या जोरावर काही वाढवणारे बियांच्या रोपांवरही छान पांढुरका थर आणतात. काही जातींत तो तसाही चटकन येतो. उलट रानातलं रोप काचघरात पाचसात वर्षं राहिलं तर नवी वाढ हिरवी येते आणि खालचा अर्धा राखाडी राहतो. अशी मधोमध रेघ मारल्यासारखी दोन रंगांची रोपं मात्र संशयास्पदच. एका खुणेवर निकाल देऊ नका. प्रश्न १० मधल्या तीनचार खुणा एकत्र जुळल्या पाहिजेत.

१२. कोपियापोआ जवळ बाळगणं बेकायदा आहे का?

बाळगणं सरसकट बेकायदा नाही. धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार, म्हणजे सायटीस, याच्या दुसऱ्या परिशिष्टात जवळजवळ सगळंच निवडुंग कुळ आहे. काही जाती अधिक कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहेत, कोपियापोआ त्यांत नाहीत. दुसऱ्या परिशिष्टातलं जिवंत रोप देशाबाहेर पाठवायचं तर निर्यात करणाऱ्या देशाची सायटीसची कागदपत्रं लागतात. लागवडीतल्या रोपांसाठीही लागतात, मात्र ती मिळण्याची पद्धत सोपी आहे. याशिवाय रोगकिडीचा दाखला वेगळा.

चिलीतून रानातलं रोप बाहेर न्यायचं तर तिथला परवाना हवा, आणि बाजारात फिरणाऱ्या रानातल्या रोपांजवळ तो नसतो. चिलीने सायटीस देशात लागू करण्यासाठी २०१६ साली स्वतंत्र कायदा केला, क्रमांक २०.९६२. त्यामुळे हा व्यवहार तिथे फौजदारी गुन्हा ठरतो.

एक बारीक मुद्दा. ‘कृत्रिमरीत्या वाढवलेलं’ म्हणायला नुसतं कुंडीत वाढवून चालत नाही. ज्या मातृरोपांपासून ते केलं तीही कायदेशीर मार्गाने आलेली असावी लागतात. चोरलेल्या रोपाचा फुटवा काढून कुंडीत लावला म्हणजे तो शुद्ध झाला, असं नाही.

१३. मग बियांचं काय? त्यांनाही परवाना लागतो?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. दुसऱ्या परिशिष्टातल्या निवडुंगांच्या बियांना सायटीसची सूट आहे, अपवाद मेक्सिकोतून निर्यात होणाऱ्या बियांचा. म्हणजे कोपियापोआच्या बिया एका देशातून दुसऱ्या देशात जाताना सायटीसचा परवाना लागत नाही. पण सूट सायटीसपुरतीच. तुमच्या देशाचे बियाणं आयातीचे आणि रोगकिडीचे नियम लागू राहतातच, आणि चिलीतल्या राष्ट्रीय उद्यानातून बी खिशात घालणं तिथल्या नियमांविरुद्ध आहे.

नीतीचा मुद्दा वेगळा. ज्या जातीची रानात मोजकी रोपं उरली आहेत तिचं सगळं बी गोळा करून विकणं म्हणजे पुढची पिढी उचलून नेणं. म्हणून विचारा: बी रानातलं की लागवडीतल्या रोपांचं? आपल्या रोपांना स्वतः परागण करून बी धरणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांच्याकडून घ्या.

१४. कलम केलेलं रोप घ्यावं का?

घ्यावं, त्यात गैर काही नाही. कोवळं रोप पेरेस्किऑप्सिस किंवा मिर्टिलोकॅक्टस या जोमाने वाढणाऱ्या निवडुंगांच्या खुंटावर बांधलं की वाढ कित्येक पटींनी वेगाने होते, लवकर फुलतं, लवकर बी देतं. दुर्मीळ जातींचं बी लागवडीत तयार करण्याचा हा चांगला मार्ग आहे. फुगीर आणि हिरवं दिसतं म्हणून काही शौकीन नाक मुरडतात. मला मात्र त्या खुंटाबद्दल आदरच वाटतो.

१५. रोपवाटिकेतलं रोप घेतलं तर रानाला मदत होते, की उलट मागणीच वाढते?

दोन्ही म्हणणारे आहेत, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ज्याला फक्त कोपियापोआ हवा आहे त्याची गरज बियांच्या रोपाने भागते. असे लोक संख्येने जास्त आहेत आणि तेवढ्यापुरता रानावरचा ताण नक्की कमी होतो. पण ज्याला शंभर वर्षांचा, वाऱ्याने घडवलेला ‘नग’च हवा आहे तो बियांच्या रोपावर समाधान मानत नाही. तस्करी चालते ती या दुसऱ्या गटाच्या पैशावर.

माझं मत असं: लहान रोप घ्या, वाढवा, त्याचे फोटो टाका, त्याचं वय अभिमानाने सांगा. सुपारीएवढ्या रोपाला शौकिनांत मान मिळायला लागला, तर रानातल्या रोपाचा तोरा आपोआप उतरेल. आज प्रदर्शनांत उलटं होतं. सर्वांत जुनं दिसणाऱ्या रोपाला दाद मिळते आणि ते आलं कुठून हे कोणी विचारत नाही. परीक्षकांनी ते विचारायला हवं.

१६. जगभरच्या बागांत लागवड आहे. मग रानातलं संपलं तरी जात वाचली ना?

नाव वाचेल. बागांतली रोपं बहुधा थोड्याच मातृरोपांची संतती असते, शिवाय शेजारच्या जातींशी संकर झालेली असू शकते. धुक्याचा ओलावा पकडणं, मेण चढवणं, दुष्काळाची वर्षं काढणं, यासाठी लागणारे बारकावे रानातल्या गटांत विखुरलेले असतात. कुंडीत त्यांची परीक्षाच होत नाही. आणि कोपियापोआच्या सावलीत, लोकरीत, फुलांत राहणारे किडे, त्याच्या काट्यांवरचं दगडफूल, हे सगळं कुंडीबरोबर येत नाही.

१७. रस्त्याखाली जाणारी रोपं उचलली तर ते चांगलंच नाही का?

परवानगीने केलं तर. चिलीत सरकारी वनयंत्रणा स्थानिक वनस्पतींचं काम पाहते, आणि बांधकामाआधी रोपं हलवायची असतील तर ती रीतसर योजनेनुसार, नोंद ठेवून, जवळच्याच योग्य जागी हलवली जातात. आपण होऊन चार रोपं गाडीत घालून आणली तर ती चोरीच. कारण हेतू कोणालाही सांगता येतो, आणि पकडलेला प्रत्येक जण ‘वाचवत होतो’ असंच म्हणतो. रीतसर हलवलेली रोपंही सगळी जगत नाहीत, म्हणून हलवणं हा नाइलाज समजायचा. रस्ताच थोडा वळवता आला तर तो उपाय केव्हाही बरा.

१८. चिलीला फिरायला जाणार आहे. हे निवडुंग कुठे पाहता येतील? काठी किंवा वाळलेला तुकडा आणता येईल?

चान्यारालजवळचं पान दे आसुकार राष्ट्रीय उद्यान, १९८५ साली स्थापन झालेलं, आणि त्याच्या दक्षिणेला हुआस्को प्रांतातलं यानोस दे चाये, १९९४ चं. दोन्हींकडे आखलेल्या वाटा आहेत. वाटेवरूनच चाला, कारण लहान जाती पायाखाली येतात हे प्रश्न १ मध्ये सांगितलं आहेच. पहाटे जा. धुकं डोंगरावरून उतरत असताना काट्यांच्या टोकांवर थेंब धरलेले दिसतात आणि हाताच्या अंतरावरून पाहिलं तर एक एक थेंब फुगून खाली निसटताना दिसतो.

वाळलेल्या निवडुंगाच्या पोकळ खोडात खडे भरून केलेली ‘पर्जन्यकाठी’ तिथे विकायला असते. सायटीसमध्ये प्रवाशाला अशा तीन काठ्यांपर्यंत वैयक्तिक सामानात सूट आहे. रानातून उचललेला वाळका तुकडा, मूळ, बी, माती यांपैकी काहीही आणू नका. वाळलेला दिसणारा कोपियापोआ कित्येकदा जिवंत असतो.

१९. बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेलं रोप रानातलं असावं असं आता वाटतंय. काय करू?

फेकू नका आणि विकू नका. त्याला जगवा. कुठून, कधी, किती रुपयांना किंवा डॉलरना घेतलं, जे आठवतं ते लिहून ठेवा आणि जुनी पावती असेल तर जपून ठेवा. रोपाचं मूळ ठिकाण सांगणारी विकणाऱ्याची चिठ्ठी असेल तर ती सोन्याच्या मोलाची, कारण प्रश्न ९ मधली पत्त्याची अडचण तिथेच सुटू शकते. एखाद्या वनस्पती उद्यानाला कळवा. त्याच जातीचं दुसरं रोप कोणाकडे असेल तर परागण करून बी धरा आणि ते वाटा. आपल्या देशातल्या कायद्याबद्दल शंका असेल तर सायटीसचं काम पाहणाऱ्या कार्यालयाला आपण होऊन विचारणं केव्हाही चांगलं.

२०. चिलीत संवर्धनासाठी प्रत्यक्ष काय चाललं आहे?

उद्यानं आणि कायदा वर आलेच. त्याशिवाय विकुन्या इथे चिलीच्या कृषी संशोधन संस्थेची बीज बँक आहे. ब्रिटनमधल्या क्यू उद्यानाच्या सहकार्याने तिथे स्थानिक वनस्पतींचं बी थंड, कोरड्या कोठारात साठवलं जातं. चिलीतल्या विद्यापीठांत कोपियापोआच्या जनुकांवर काम चालू आहे. त्यातून जातींच्या सीमा नक्की होतात. उद्या जप्त रोप कोणत्या भागातलं हे सांगता आलं, तर प्रश्न ९ मधली पहिली अडचण बरीच हलकी होईल.

उणीव आहे ती माणसांची. शेकडो किलोमीटरचा निर्मनुष्य किनारा आणि हाताच्या बोटांवर मोजावेत इतके रखवालदार. कित्येक जातींचं मुख्य ठिकाण तर कोणत्याही उद्यानात येत नाही.

२१. रानातला कोपियापोआ पाहिला, फोटो काढला. जागेसकट टाकू का?

टाकू नका. चोर नकाशा घेऊन फिरत नाहीत, ते असे फोटो बघतात. मोबाईलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, म्हणून टाकण्याआधी ती नोंद काढून टाका. मागे ओळखू येणारं डोंगराचं टोक किंवा मैलाचा दगड येत असेल तर फोटो कापा. निरीक्षणं नोंदवायच्या संकेतस्थळांवर धोक्यातल्या जातींची जागा धूसर करायची सोय असते, ती चालू आहे ना हे स्वतः पाहा. अभ्यासकाला नेमकी जागा हवी असेल तर ती त्याला एकट्याला कळवा. बाकीच्यांसाठी ‘अटाकामाचा किनारा’ एवढा पत्ता पुरे.